ओझे, चढ आणि घड्याळ

पेण तालुक्यातले हमरापूर महाराष्ट्राला ठाऊक आहे ते गणपतीच्या मूर्तींमुळे. जोहे, कळवे, तांबडशेत ही शेजारची गावेही त्याच धंद्यातली. पण या गावाची जागाही पाहण्याजोगी आहे. उत्तरेला पनवेलच्या वाटेवर कर्नाळ्याची खिंड, दक्षिणेला नागोठणे सोडून कोलाडकडे जाताना सुकेळीची खिंड आणि पूर्वेला पेणहून खोपोली गाठली की समोर बोरघाट. या तीन चढांच्या मधोमध खारेपाटाची भातजमीन समुद्राच्या पातळीला टेकून पसरलेली आहे. सपाटीवर कोणतेही इंजिन बरे वाटते. मूर्ती भरून निघालेल्या टेम्पोत किती जीव आहे ते चढावर कळते. मोटारीच्या इंजिनाची ताकद घरच्या घरी मोजता येते का, हा प्रश्न आज ट्यूनिंगची हौस असलेली मुले विचारतात आणि जाणती माणसे त्यांना हसून मोठ्या गॅरेजातल्या यंत्राकडे पाठवतात. मला हे हसणे अस्थानी वाटते. ताकद घरी मोजता येते, आणि ती मोजण्याची रीत ही प्रयोगशाळेची गरिबाघरची नक्कल मुळीच नाही. मूळ रीत तीच आहे. ओझे किती, ते किती वर नेले आणि त्याला वेळ किती लागला, या तीन गोष्टींवरच या मुलखाने दोनशे वर्षे ताकदीचा हिशेब केला. या तिघांना सोडून नुसता आकडा जेव्हा जेव्हा बोलू लागला, तेव्हा तो पैशाच्या बाजूला वाकला.

सुरुवात पाण्यापासून करावी लागते. अलिबाग-रेवदंड्याच्या अष्टागरात नारळी-पोफळीच्या वाड्या रहाटावर जगत. विहिरीवर लाकडी चाक, चाकावर माळेने बांधलेली मडकी आणि गोल फिरणारा बैल नाहीतर रेडा. वाडीच्या मालकाला अश्वशक्ती हा शब्द ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण एका जनावराने एका पाळीत किती झाडांची आळी भरतात हे त्याला नेमके माहीत असे. त्याचाच हिशेब आपल्या मापात मांडता येतो. मोटारींच्या माहितीपत्रकात आज जी मेट्रिक अश्वशक्ती दिलेली असते, तिचा अर्थ ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलणे. विहिरीचे पाणी सहा मीटर खोल आहे आणि रहाट सेकंदाला चार लिटर पाणी वर आणतो असे धरले, तर काम झाले चोवीस, म्हणजे पाऊण शंभराचा जेमतेम तिसरा हिस्सा. जनावराने लावलेले बळ याहून जास्त असते. लाकडी दातांच्या घर्षणात आणि मडक्यांतून सांडणाऱ्या पाण्यात उरलेले जाते. पण मालकाला हवा असतो तो आळ्यात पडलेल्या पाण्याचा आकडा. देशावरच्या मोटेत तर उताराचाही उपयोग केलेला असे. मोट भरून वर येते तेव्हा बैल धावेच्या उतारावरून खाली चालत जातात आणि त्यांचे स्वतःचे वजनही नाड्याला ओढ देते. ही धाव किती लांब आणि किती उतरती ठेवायची हे विहिरीची खोली पाहून ठरे.

आता कोणी म्हणेल, हे अनुभवाचे अदमास झाले, मोजमाप नव्हे. आक्षेप बरोबर आहे, म्हणून फरक नीट सांगायला हवा. अलिबागकडच्या किनाऱ्यावर बैलगाड्या शेजारी-शेजारी पळतात आणि पुढे जाणारी गाडी जिंकते. तिथे कळते ते इतकेच की आज या जोडीने त्या जोडीला मागे टाकले. जुन्नर, आंबेगाव, खेड या भागातल्या बैलगाडा शर्यतीची रीत वेगळी आहे. तिथे चढाची धावपट्टी असते, एका वेळी एकच गाडा सुटतो आणि त्याची बारी सेकंदांत मोजली जाते. चढ ठरलेला, अंतर ठरलेले आणि हातात घड्याळ. त्यामुळे सकाळी पळालेल्या गाड्याची तुलना दुपारी पळालेल्याशी करता येते, दोघे समोरासमोर आले नाहीत तरी. या शर्यतींत जनावरांचे हाल होतात हा प्रश्न खरा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली त्यांवर बंदी घातली आणि २०२१ च्या डिसेंबरात अटींसह परवानगी दिली. माझा मुद्दा तिथल्या मोजणीपुरता आहे. अदमास आणि मोजमाप यांच्यातली सीमारेषा यंत्राच्या किमतीने ठरत नाही. परिस्थिती बांधून घेतली आणि वेळ नोंदवला की मोजमाप सुरू झाले.

बोरघाटाने हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर करून दाखवली. रेल्वेच्या आधी पेणचे मीठ आणि कोकणचा तांदूळ वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून घाटमाथ्यावर जात असे. तिथला हिशेब गोणींचा आणि मुक्कामांचा, म्हणजे पुन्हा ओझ्याचा आणि वेळेचाच. १८३० साली मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने घाटातला गाडीरस्ता खुला केला आणि चाकावरचा माल वर जाऊ लागला. मग रेल्वे आली. कल्याणहून खोपोलीपर्यंत गाडी १८५६ मध्ये पोचली आणि वरच्या बाजूला खंडाळा ते पुणे हा मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. मधला घाट मात्र उतारूंना पालखीतून, तट्टावरून किंवा पायी ओलांडावा लागे. तो सांधायला १८६३ उजाडले. जी. आय. पी. रेल्वेचा मुख्य अभियंता जेम्स बर्कली याने आखलेला हा चढ सुमारे पावणेसोळा मैल लांबीत १८३१ फूट वर जातो. त्यात २५ बोगदे आहेत, आणि सर्वांत कडक ठिकाणी सदतीस फुटांमागे एक फूट चढ आहे. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली हिंदुस्थानात पाऊल ठेवल्यावर थोड्याच दिवसांत वारला. पुढे ठेका त्याच्या विधवेने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, पुरा करवून घेतला. हजारो मजुरांनी या कामात जीव गमावले. त्यांची नावे कोणत्याही पाटीवर नाहीत आणि घाटाबद्दल लिहिताना हे विसरून चालत नाही.

सदतीसला एक हा आकडा इंजिनाच्या दृष्टीने काय आहे ते जवळून पाहण्यासारखे आहे. सपाट रुळावर एक टन गाडी चालती ठेवायला फार थोडी ओढ पुरते, काही किलो. सदतीसला एक चढावर त्याच एका टनाला, घर्षण बाजूला ठेवले तरी, सत्तावीस किलो ओढ लागते, कारण हजाराला सदतीसने भागले की तेवढेच येते. शंभर टनांची गाडी ताशी वीस किलोमीटर वेगाने या चढावर न्यायची तर २७०० किलो ओढ आणि सेकंदाला साडेपाच मीटरहून किंचित जास्त वेग. गुणाकार पंधरा हजार, त्याला पंचाहत्तरने भागले की दोनशे अश्वशक्ती. चाकापाशी ही दोनशे अश्वशक्ती असेल तर गाडी वर जाईल. नसेल तर वेग पडेल किंवा चाके जागच्या जागी घसरतील. कारखानदाराने कागदावर काय छापले आहे याला इथे किंमत नाही. म्हणूनच घाटात कोणत्या इंजिनाने किती डबे न्यायचे हे बांधून दिलेले असते आणि त्यावर गाडी जड झाली की मागून ढकलायला बँकर इंजिने लावतात. कर्जत ते लोणावळा आजही ती लागतात. बैलगाड्यांच्या काळात चढ आला की जादा जोडी जुंपत, तोच हिशेब विजेच्या इंजिनापर्यंत चालत आला.

घाटाचा दुसरा हिशेब वरून खाली येणाऱ्या पाण्याचा. टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी १९१० मध्ये स्थापन झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीचे वीजघर चालू होऊन मुंबईच्या गिरण्यांकडे वीज जाऊ लागली. लोणावळ्याकडच्या तलावांचे पाणी इथे सुमारे सव्वापाचशे मीटर खाली येते. म्हणजे एका सेकंदात एक लिटर, एक किलो पाणी सोडले की सव्वापाचशे किलोग्रॅम-मीटर काम, आणि ५२५ भागिले ७५ बरोबर सात. दर लिटरमागे सात अश्वशक्ती, यंत्रातली तूट न धरता. इतका सरळ हिशेब शाळकरी मुलालाही करता येतो, कारण उंची डोळ्यांना दिसते आणि पाणी मोजता येते. पुढे मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचे वीजघर १९२७ मध्ये उभे राहिले. रोह्यावरून वाहणाऱ्या कुंडलिकेला आज बारमाही पाणी दिसते ते या वीजघरातून सुटलेले. त्यासाठी मावळातली शेते बुडाली आणि १९२१ पासून सेनापती बापटांनी शेतकऱ्यांना बरोबर घेऊन सत्याग्रह केला. अश्वशक्तीचा आकडा शंभर टक्के खरा होता, तरी हिशेबाच्या वहीत बुडालेल्या शेतांना रकाना नव्हता. मोजमाप खरे असणे आणि न्याय होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे नोंदवून पुढे जातो.

आता उलट बाजू. ओझे, चढ आणि वेळ बाजूला सारून नुसता आकडा बोलू लागला की काय होते, याचे पुरावे भरपूर आहेत. खुद्द जेम्स वॉटपासून सुरुवात होते. त्याला वाफेची इंजिने विकायची होती आणि गिऱ्हाइकाला समजणारे माप हवे होते. गिरणीतला घोडा बारा फूट त्रिज्येच्या वर्तुळात तासाला १४४ फेऱ्या मारतो आणि १८० पौंड ओढ लावतो, असे धरून त्याने हिशेब केला. मिनिटाला साडेबत्तीस हजारांच्या आसपास फूट-पौंड निघाले ते त्याने वर गोल करून ३३,००० केले. सामान्य घोडा दिवसभर इतके काम करू शकत नाही. म्हणजे माप गिऱ्हाइकाच्या फायद्याकडे झुकवलेले होते: दहा घोड्यांचे इंजिन घेतले तर ते दहाहून जास्त खऱ्या घोड्यांचे काम करणार. व्यापारी म्हणून वॉटचे काही चुकले नाही, आणि त्याने निदान ओझे आणि वेळ सांगून ठेवले. पुढच्यांनी तेही सोडले.

ब्रिटनमध्ये १९१० पासून मोटारीवरचा कर अश्वशक्तीवर बसू लागला. ही अश्वशक्ती ब्रेक लावून मोजलेली नव्हती. सिलिंडरच्या व्यासाचा वर्ग, गुणिले सिलिंडरांची संख्या, भागिले अडीच असे सूत्र होते. दट्ट्या किती लांब धावतो आणि इंजिन किती फेरे घेते याचा त्यात पत्ताच नव्हता. ऑस्टिन सेव्हनचा व्यास २.२ इंच, सिलिंडर चार. सूत्राने पावणेआठ येतात आणि सेव्हन हे नाव पडते, पण ब्रेकवर तिचे इंजिन साडेदहा अश्वशक्ती देई. कर व्यासावर आहे म्हटल्यावर कारखानदारांनी व्यास आखडला आणि धाव लांबवली. तिथली इंजिने चाळीसच्या दशकापर्यंत उंच, अरुंद आणि संथ राहिली ती एका सूत्रामुळे. आपल्याकडे त्या काळी आलेल्या मॉरिस एट, मॉरिस टेन आणि पुढे हिंदुस्थान टेन या नावांतले आकडे याच करवहीतले आहेत. ते गाडीची ताकद सांगत नाहीत.

अमेरिकेत गंमत उलटी होती. तिथे आकडा मोठा असेल तर गाडी विकली जाई, म्हणून इंजिन उघडे करून, पंखा, डायनॅमो, सायलेन्सर, हवेची गाळणी काढून मोजत. १९७२ पासून गाडीत बसते तशा सर्व साजासह मोजण्याची पद्धत आली. कॅडिलॅक एल्डोराडोच्या ८.२ लिटर इंजिनाचा आकडा १९७१ मध्ये ३६५ होता, तो १९७२ मध्ये २३५ झाला. इंजिन तेच. आणि दूर कशाला जायचे. आपल्याच शेतीपंपांचा इतिहास पाहा. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्रात पंपाची वीज मीटरऐवजी अश्वशक्तीवर आकारली जाऊ लागली. मग मोटार जळाली की रिवाइंडिंगवाल्याकडून आतली गुंडाळणी जाड करून घ्यायची आणि बाहेरची पाटी तशीच लहान आकड्याची ठेवायची, हे गावोगाव चालले. शेतकऱ्याला दोष देण्याची माझी इच्छा नाही. भूजल खाली गेले, पाणी वर आणायचे तर ताकद लागणारच, आणि पैसा आकड्यावर ठेवला की आकडा आकसतो. विलायतेत व्यास आखडला, आपल्याकडे पाटी आखडली, डेट्रॉइटमध्ये पाटी फुगली. तिन्ही ठिकाणी विहिरीतून किती पाणी आले किंवा चढ किती सेकंदांत गेला, हे कोणी विचारले असते तर खरे लगेच कळले असते.

याला उतारा कारखान्यात खरे तर आधीपासूनच होता, तो म्हणजे ब्रेक. फ्रान्समध्ये गास्पार द प्रोनी याने १८२१ मध्ये फिरत्या दांड्याला लाकडी चिमटा आवळून ताकद मोजण्याची रीत काढली. १८७७ मध्ये विल्यम फ्रूड याने पाण्याचा ब्रेक केला. महाराष्ट्रात ही रीत घरोघर ओळखीची झाली ती ऑइल इंजिनांमुळे. सातारा रोडच्या कूपरच्या कारखान्याने डिझेल इंजिने काढली, किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनी १९४६ मध्ये खडकीला सुरू झाली आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिने ओतणारे, कातणारे आणि जोडणारे कारागीर तयार झाले. किर्लोस्करांचे पाच घोड्यांचे, मिनिटाला १५०० फेरे घेणारे एकसिलिंडरी इंजिन अभियांत्रिकीच्या कितीतरी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत बसले आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी त्यावर दोराचा ब्रेक लावला. ही मांडणी अगदी साधी आहे. फ्लायव्हीलशी जोडलेल्या ड्रमवर दोर गुंडाळायचा, एका टोकाला वजने, दुसऱ्या टोकाला स्प्रिंगचा काटा. वजनातून काट्यावरचा आकडा वजा केला की दोराचा निव्वळ ताण मिळतो. ड्रमचा घेर एक मीटर धरा, ताण पंधरा किलो, फेरे सेकंदाला पंचवीस. पंधरा गुणिले एक गुणिले पंचवीस म्हणजे ३७५, आणि त्याला ७५ ने भागले की बरोबर पाच घोडे. ही सगळी ताकद दोराच्या घासण्यात उष्णता होऊन जाते. ड्रमवर पाणी सोडत राहिले नाही तर दोर धुमसू लागतो आणि जळक्या सुताचा वास खोलीभर पसरतो. खोपोलीच्या पाण्याचा, बोरघाटातल्या गाडीचा आणि या दोराचा हिशेब एकच आहे. फक्त इथे उचललेले ओझे कुठेच जात नाही.

मग घरी, मोटारीवर हे कसे करायचे? मोटारीचे इंजिन काढून दोर बांधणे शक्य नाही, म्हणून ओझे गाडीचेच घ्यायचे. इथे पहिला आक्षेप येतो की घाट आणि रहाट सावकाश चालतात, मोटार वेग घेते. दोन्हींचा संबंध काय? संबंध असा आहे की वेग वाढवणे हे उचलण्याइतकेच काम आहे आणि ते उंचीत मांडता येते. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी, घर्षण नसते तर, त्या वेगाच्या जोरावर पंचवीस मीटर उंच चढली असती. ६० च्या वेगाची चौदा मीटर. म्हणजे साठावरून ऐंशीवर जाणे हे गाडी अकरा मीटर, साधारण तीनमजली इमारतीइतकी, उचलण्याएवढे काम आहे. गाडी, माणूस आणि पेट्रोल मिळून भुईकाट्यावर हजार किलो भरले आणि एकाच गिअरमध्ये साठाचे ऐंशी व्हायला चार सेकंद लागले, तर अकरा हजार भागिले चार, भागिले पंचाहत्तर: सुमारे सदतीस अश्वशक्ती. हवा आणि टायर यांनी खाल्लेली ताकद अजून यात आलेली नाही. तीही त्याच रस्त्यावर मिळते. गाडी ऐंशीच्या वर नेऊन न्यूट्रलला टाकायची आणि ऐंशीचे साठ व्हायला किती वेळ लागतो ते पाहायचे. सतरा सेकंद लागले तर त्याच अकरा हजारांना सतरा आणि पंचाहत्तर यांनी भागून साडेआठ. बेरीज पंचेचाळीस, चाकापाशी. इंजिनाच्या दांड्यावर याहून थोडी जास्त असणार, कारण गिअरबॉक्स आणि फिरती चाके आपला वाटा घेतात.

दुसरा आक्षेप अचूकतेचा, आणि तो जड आहे. शेजारी एक माणूस जास्त बसला की सात टक्के फरक पडतो. शंभराला एक इतका, डोळ्याला न दिसणारा चढ पाच-सहा टक्के खातो. गाडीचा काटा खऱ्या वेगापेक्षा जास्त दाखवतो. चार सेकंदांत दोन दशांशांची चूक म्हणजे पाच टक्के. उंच ताडपत्री बांधलेला, मूर्तींनी भरलेला टेम्पो वजनाला हलका असूनही वारा इतका अडवतो की रिकाम्या टेम्पोवर काढलेला विरोधाचा आकडा त्याला लागूच पडत नाही. या सगळ्याला उत्तर आहे, पण कष्टाचे: गाडी काट्यावर तोलायची, वेग फोनच्या जीपीएसवर घ्यायचा, त्याच पट्ट्यावर दोन्ही दिशांनी जाऊन सरासरी काढायची म्हणजे चढ आणि वारा बराचसा कटतो, आणि एकदा मोजून थांबायचे नाही. एवढे करूनही पंचेचाळीसचा आकडा खरोखर त्रेचाळीस की सत्तेचाळीस हे छातीठोक सांगता येणार नाही. पण ट्यूनिंग करणाऱ्याचा प्रश्न तो नसतोच. त्याला विचारायचे असते की कार्बोरेटरचा जेट बदलल्यावर, टायमिंग दोन अंश पुढे घेतल्यावर, हेड घासल्यावर गाडी आधीपेक्षा वाढली का. गाडी तीच, रस्ता तोच, माणूस तोच असेल तर वजनाची चूक दोन्ही वेळी सारखीच राहते आणि फरक टिकून दिसतो. तीन-चार घोडे वाढले असतील तर कळेल. अर्धा घोडा वाढला असेल तर कळणार नाही, आणि बाजारात विकल्या जाणाऱ्या कितीतरी वस्तूंचा दावा या अर्ध्या घोड्याच्या आतला असतो. निदान एवढे तरी मोजणीने उघडे पडते.

मोठ्या गॅरेजातल्या रोलरच्या यंत्राची बाजू मांडणारे म्हणतात, तिथे हे सगळे त्रास नाहीत. त्रास कमी आहेत हे मान्य. पण त्यातल्या एका फार प्रचलित प्रकारात होते काय, तर गाडीची चाके ठरलेल्या वजनाचा लोखंडी ड्रम फिरवतात आणि तो किती वेळात वेग घेतो यावरून ताकद काढली जाते. ओझे माहीत, वेळ मोजलेला. रस्त्यावरचीच रीत छपराखाली आणलेली. शिवाय टायरमधली हवा, पट्टे किती आवळले, खोलीतली उष्णता आणि संगणकात कोणती दुरुस्ती घातली यावर तिथलाही आकडा हलतो. पुण्यात १९६६ पासून काम करणाऱ्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थेत इंजिन बाकावर बसवून, हवेचा दाब आणि तापमान नोंदवून, ठरलेल्या मानकाने मोजतात. त्या दर्जाची बरोबरी घरी होणार नाही. गल्लीतल्या रोलरची मात्र बरोबरी होऊ शकते, मोजणारा चिकाटीचा असेल तर.

कानावर आणि अंगावर विसंबणाऱ्या जुन्या मेकॅनिकांविषयी मला आदर आहे. टॅपेटचा आवाज ऐकून बिघाड सांगणारी माणसे या धंद्याने घडवली. पण ताकदीच्या बाबतीत अंगाचा साक्षीपुरावा कच्चा असतो. सायलेन्सर कापला की गाडी चपळ वाटते, अ‍ॅक्सिलरेटर हलका केला की पिकअप वाढल्यासारखा वाटतो, आणि घड्याळ पाहिले तर पुष्कळदा काहीच बदललेले नसते. कधी कधी तर वेळ वाढलेला असतो. रस्त्यावरच्या जिवांचा प्रश्न यापेक्षा मोठा आहे. मुंबई-गोवा महामार्गाचा पेणजवळचा पट्टा प्रयोगासाठी नाही. तिथे अवजड वाहने, मोटारसायकली आणि रस्ता ओलांडणारी माणसे आहेत. साठ ते ऐंशी हा वेग मी मुद्दाम घेतला. मोजणीला याहून जास्त लागत नाही, आणि जिथे तेवढाही सुरक्षित नाही तिथे चाळीस ते साठ घेऊन हिशेब तसाच होतो. खासगी जागा किंवा कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकादमीसारखी धावपट्टी मिळाली तर उत्तमच. मोजणे हा गुन्हा नाही, पण मोजून झाल्यावर गाडीत केलेले बदल १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या चौकटीत बसले पाहिजेत, आणि हे हौशी मंडळींना कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे.

राहिला हवेचा मुद्दा, आणि तो कोकणातल्या माणसाला खास लागू आहे. टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन जेवढी हवा ओढेल तेवढीच ताकद देते. पेण समुद्रसपाटीला, पुणे साधारण ५६० मीटरवर. तिथे हवेचा दाब सहाएक टक्क्यांनी कमी, म्हणून पंचेचाळीस घोड्यांतले जवळजवळ तीन घोडे घाट चढतानाच गळतात. महाबळेश्वरला गळती पंधरा टक्क्यांपर्यंत जाते. खाली उन्हाळ्यात दहा अंश उष्णता वाढली तरी तीन टक्क्यांचा फरक पडतो, म्हणून सकाळी एक मोजणी आणि दुपारी दुसरी अशी तुलना फसवी ठरते. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीसारख्या, आणखी एक अडचण येते: वर हवा विरळ होते पण पेट्रोल त्या प्रमाणात कमी होत नाही, मिश्रण जाड होते, प्लग काळे पडतात आणि गाडी दम घेते. खारेपाटात बसवलेला जेट त्यामुळे पुण्यात मोठा पडतो. तिथे राहायला गेलेल्या गाडीचा जेट बदलून, त्या हवेत, साठ ते ऐंशीची मोजणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.